पाच मुठी ज्वारी

देवपूर, धुळे
१४ जून २०२४

चि. प्रेमराज,

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र लिहितेय. फोन कापता येतो. पत्र फार तर फाडता येतं, आणि फाडण्याआधी माणूस एकदा वाचतोच. वर्गात जप्त केलेल्या सगळ्या चिठ्ठ्या मी वाचल्या आहेत, तेव्हा हे अनुभवाने सांगते. तुझा भुसावळचा पत्ता तुझ्या वर्गातल्या आयुषीने दिला. तिला रागावू नकोस, मी वर्गातला आवाज काढून विचारलं, ती बिचारी काय करणार.

मी एकतीस मेला निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, भिंतीवरचं घड्याळ. प्राचार्य भाषणात म्हणाले की देवरे मॅडमनी मुलांना स्वतः शोधायला शिकवलं. टाळ्या वाजल्या, मीही मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कपाट रिकामं करायला गेले तर खालच्या कप्प्यात तुझी फाईल निघाली. खाकी पुठ्ठा, पांढरी नाडी. अकरावी ब, इंग्रजी प्रोजेक्ट, २०२२-२३. घरी घेऊन आले.

तुला आठवतं का, दिवाळीच्या सुट्टीआधी मी फळ्यावर पाच पायऱ्या लिहून दिल्या होत्या? विषय, प्रश्न, भेटी, कच्चं लेखन, पक्कं लेखन. वर्गाने उतरवून घेतल्या आणि निम्मा वर्ग तिथून थेट झेरॉक्सच्या दुकानात गेला. तिथे ‘प्रदूषण’ आणि ‘मोबाईल : शाप की वरदान’ हे दोन प्रोजेक्ट तयार मिळायचे, फक्त वरचं नाव बदलायचं. वर्षानुवर्षं मी तेच तपासत आले होते, त्यातल्या चुकासुद्धा मला पाठ होत्या. आणि तू उभा राहून विचारलंस, मॅडम, आमच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांची नावं अशी का, यावर केलं तर चालेल का? नथ्थू, भिकन, उखा, दगा. आईबाप स्वतःच्या लेकराला अशी नावं का ठेवतात?

खरं सांगते, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही इतका आनंद झाला. एकोणतीस वर्षं वाट पाहिल्यावर एका मुलाला खरा प्रश्न पडला होता.

पुढे प्रदर्शनात जे झालं ते व्हायला नको होतं. तुझी आजी गेल्याचं मला उशिरा कळलं, भेटायला यायचं राहून गेलं. फाईल तुझी आहे. पाठवू का, तेवढं कळव. शिक्षण सोडलंस याचं वाईट वाटतं. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम वाईट नाही, पण तुझी जागा ती नव्हे.

सुलक्षणा देवरे

देवपूर
९ जुलै २०२४

चि. प्रेमराज,

उत्तर नाही. बरं. तू वर्गातही हात वर करून बोलायचास, विचारल्यावर नाही.

मागचं पत्र मी पेटीत टाकलं आणि घरी येईपर्यंत मला त्याची लाज वाटायला लागली. ‘जे झालं ते व्हायला नको होतं.’ असं वाक्य कुणी निबंधात लिहिलं असतं तर मी समासात लाल शाईने विचारलं असतं, कोणी केलं?

फाईल पुन्हा वाचली. तुझं इंग्रजी कच्चं आहे, क्रियापदं इकडची तिकडे गेली आहेत, पण कुठे अडखळायला होत नाही. एरंडोलजवळच्या तुझ्या गावात तू अकरा म्हाताऱ्या माणसांना भेटलास. लेकरं जगत नसली की पुढच्याला दगडाधोंड्याचं, भिकेचं नाव द्यायचं, म्हणजे मृत्यूला वाटावं, हे काही उचलण्याजोगं नाही. मुलाचं नाक टोचायचं, म्हणजे तो मुलगी समजून सोडून देईल. त्यावरून नथ्थू. आणि सगळ्यात जुनी रीत, बाळ सुपात घालून शेजारणीला देऊन टाकायचं. पाचव्या दिवशी आईने जाऊन पाच मुठी ज्वारीला ते विकत आणायचं. मग ते आईचं राहत नाही, विकतचं होतं, आणि विकतच्याला नजर लागत नाही. हे सगळं तू एका पानात लिहिलंस. मी त्या पानावर ‘सुंदर’ असं लिहिलं आहे.

मग सातवी भेट, तुमच्या शेजारच्या भिकुबाईंची. तिचं रेकॉर्डिंग तू पेनड्राइव्हवर दिलं होतंस. भिकुबाई सांगतात की शेजारणीची तीन लेकरं गेली होती. चौथं झालं तेव्हा ते रीतीप्रमाणे सुपात घालून त्यांच्या घरी आणलं. त्याच आठवड्यात त्यांनाही मुलगा झाला होता, आधीचे तिघे अंगणात खेळत होते. शेजारणीचं बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. भिकुबाईंनी ते कुणाला सांगितलं नाही. त्यांचे शब्द तू अहिराणीतच लिहून ठेवलेस आणि खाली इंग्रजी केलंस. ‘तिना मरी गया. मी मन्हा तिना सूपमा ठेई दिधा.’ म्हणजे तिचं गेलं, आणि यांनी आपलं तिच्या सुपात ठेवलं. गावाला सांगितलं की आमचं गेलं.

पाचव्या दिवशी शेजारीण पाच मुठी ज्वारी घेऊन आली. तिला कळलं होतं, असं भिकुबाई सांगतात. आईला आपलं लेकरू कळणार नाही होय? पण ती काही बोलली नाही. ज्वारी ठेवली, बाळ उचललं आणि घरी गेली. पन्नास वर्षं दोघी एका भिंतीच्या अल्याड पल्याड राहिल्या आणि त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत.

तुझ्या कागदावर शेजारणीचं नाव नाही. भिकुबाईंचंही नाही, ‘गावातली एक वृद्ध स्त्री’ एवढंच आहे. आणि त्या मुलाला तू ‘न’ म्हटलं आहेस.

तो ‘न’ म्हणजे तुझे वडील, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही. कामाच्या गर्दीत, साठ फायली तपासताना, कुणाच्याही लक्षात आलं नसतं. तू तरी येऊन स्पष्ट सांगायला हवं होतंस. रेकॉर्डिंगमध्येही मागे कोंबडी ओरडतेय, काही शब्द नीट ऐकू येत नाहीत.

तब्येतीची काळजी घे. भुसावळचा उकाडा मला ठाऊक आहे, माझं माहेर तिथलं.

सु. देवरे

देवपूर
२२ ऑगस्ट २०२४

प्रेमराज,

मागच्या पत्रातली शेवटची गोष्ट खोटी आहे. माहेर भुसावळचं आहे, ते खरं. त्याच्या वरची खोटी.

दीड महिना मी स्वतःशी भांडले. घरात दुसरं कुणी भांडायला नाही, ह्यांना जाऊन सात वर्षं झाली. आता लिहिते, एका दमात लिहिते, खाडाखोड करणार नाही.

तुझं नाव मी रोज हजेरीत वाचत होते. प्रेमराज नथ्थू बोरसे. रोल नंबर एकोणचाळीस. ‘न’ कोण हे मला पहिल्या वाचनात कळलं, ओळ संपायच्या आत कळलं.

कोंबडी ओरडते, पण ती नंतर. भिकुबाईंचं बोलणं लख्ख ऐकू येतं. त्या तुला विचारतात, ‘इंग्रजीमा लिखी ऱ्हायना ना बेटा? मंग लिख. आठे इंग्रजी कोन वाचस. पन मन्हं नाव लिखू नको.’ त्या माउलीला वाटलं की इंग्रजी म्हणजे कुलपाची पेटी. एकदा कुणाला तरी सांगून मन मोकळं करावं, तेही आपल्याच रक्ताच्या नातवाला, आणि ते अशा भाषेत जावं की गावात पुन्हा बाहेर येणार नाही. तुलाही तसंच वाटलं असणार. घरी सांगता येत नव्हतं, पोटात ठेवता येत नव्हतं, म्हणून तू ते मला लिहून दिलंस. शेवटच्या पानावर, अगदी खाली, तू पेन्सिलीने मराठीत एक ओळ लिहिली होतीस. ‘मॅडम, हे फक्त तुमच्यासाठी, प्रदर्शनात लावू नका.’

ती ओळ मी खोडरबराने पुसली. फाईल आडवी धरून पाहिली तर अजून दिसते.

का पुसली, तेही सांगते. प्रदर्शनाला जळगावहून परीक्षक येणार होते. गुणपत्रकात ‘माहितीचा स्रोत : नाव, वय, गाव’ याला पाच गुण होते, आणि वर्गात मी घसा फोडून सांगायचे की नाव नसलेला पुरावा हा पुरावा नव्हे. पण गुणांचं निमित्त आहे. मला तो पहिला नंबर हवा होता, माझ्यासाठी हवा होता. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि दाखवायला माझ्याकडे काय होतं? ‘मोबाईल : शाप की वरदान’. तू चुलतबहिणीच्या लग्नाला चार दिवस परगावी गेलास आणि मी तेवढ्यात तुझ्या प्रोजेक्टचा मराठी तक्ता केला. पालकांना इंग्रजी कळत नाही, त्यांनाही समजलं पाहिजे, असं म्हणून केला. माझं अक्षर चांगलं आहे, तुला माहीतच आहे. रेकॉर्डिंगमधून नावं घेऊन त्या चांगल्या अक्षरात मी भिकुबाई, वय एक्क्याऐंशी, असं लिहिलं. तुझ्या आजीचं नाव, धुरपदाबाई, लिहिलं. नथ्थू लिहिलं. तुझ्या परवानगीची जागा मी रिकामी ठेवली नाही, तुझी सही केली.

आणि तुझ्या वडिलांना फोन मी केला. मुलाचं कौतुक आहे, नक्की या, म्हटलं.

ते पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पिठाच्या गिरणीवरचा माणूस, पण त्या दिवशी अंगावर पिठाचा कण नव्हता. तक्त्यासमोर उभे राहिले, बोट ठेवून ठेवून वाचलं, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तुमच्या गावातलीच दोन माणसं त्यांच्या मागे उभी होती, तीही वाचत होती. तू नेमका तेव्हा दारातून आत आलास, बसमधून उतरून सरळ. त्यांनी तुला विचारलं, हे तू लिहिलंस का? तू तक्त्याकडे पाहिलंस. माझं अक्षर ओळखायला तुला क्षणसुद्धा लागला नसेल, रोज वह्यांवर पाहत होतास. मग तू माझ्याकडे पाहिलंस. आणि ‘हो’ म्हणालास.

त्यांनी तुझ्या कानाखाली मारली तेव्हा मी दहा पावलांवर होते. परीक्षकांना पोह्यांची बशी देत होते. ती बशी मी दिली, पुढची उचलली, तीही दिली.

तू माझं नाव का घेतलं नाहीस, हे मी आजवर स्वतःला विचारू दिलं नाही. मला वाटतं, एवढ्या लोकांसमोर मॅडमना खाली पाहायला लागू नये म्हणून. मी तुला लाज वाटण्यासारखं केलं आणि तू माझी लाज राखलीस, वयाच्या सतराव्या वर्षी. मग वडील घरी बोलेनासे झाले, तुझ्याशी आणि तुझ्या आजीशीही. तू दाखला काढून न्यायला आलास तेव्हा मी स्टाफरूममध्ये दार लोटून बसले होते. झाकली मूठ राहिली याचं मला हायसं वाटलं. तेच सगळ्यात वाईट आहे आणि तेच मला लिहायचं होतं.

क्षमा मागत नाही. मागितली तर तुला पुन्हा माझ्यासाठी काहीतरी करावं लागेल.

सुलक्षणा देवरे

देवपूर
८ ऑक्टोबर २०२४, मंगळवार

प्रिय प्रेमराज,

परवा मी तुमच्या गावी जाऊन आले. तुला न विचारता गेले. तुला विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मला पुन्हा सुटका मिळाली असती.

एरंडोलला उतरून रिक्षा केली. गिरणी विचारावी लागली नाही, आवाजच येत होता. बाहेर डबे रांगेला लावलेले, कुणाची ज्वारी, कुणाचा उडीद-ज्वारीचा कळणा. तुझे वडील आत होते, भुवयांवर पीठ. मी बाहेरूनच ओरडून सांगायला लागले, कारण थांबले असते तर परत फिरले असते. त्यांनी हाताने खूण केली, पट्टा उतरवला आणि गिरणी बंद केली. डबे घेऊन आलेल्या बायकांना उद्या या म्हणाले. मग मला पोत्यावर बसायला सांगितलं आणि स्वतः उभे राहिले.

मी सगळं सांगितलं. पेन्सिलीची ओळ, तक्ता, सही, फोन, पोह्याची बशी. फाईल नेली होती, ती उघडून दाखवली. ते पान त्यांनी दारात उजेडाकडे धरलं आणि पुसलेली ओळ वाचली. बराच वेळ वाचत होते, ओळ तर सहा-सात शब्दांची.

मला वाटलं होतं, रागावतील. मी त्याची तयारी करून गेले होते, एवढंच काय, रागावले असते तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, ‘पोऱ्यानी मले एक सबद सांगा नही.’ आणि थोड्या वेळाने, ‘मी त्याले मारं तवय तुम्ही तठेच व्हत्यात.’ मी हो म्हटलं. त्यांनी पाणी आणून दिलं, पेला आधी विसळला.

मी निघताना माझं ते ठरवलेलं वाक्य बोलले, की मला माफ करा. त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. ‘माफी मांगाले तुमले मी तरी सापडनू, मॅडम. मी कोनाकडे जाऊ?’

मग ते प्रदर्शनापासून आजी जाईपर्यंतच्या आठ महिन्यांबद्दल बोलले. मी ऐकत होते. आजी रोज ताट वाढायची, ते जेवायचे आणि उठायचे. पन्नास वर्षं तिला माय म्हटलं, आणि त्या जानेवारीपासून काहीच म्हटलं नाही. ना माय, ना बाई. भिकुबाईंच्या दारावरून जाणंही त्यांनी बंद केलं, लांबच्या गल्लीने गिरणीवर यायचे. त्यांना वाटत होतं की दोन्ही बायांनी मिळून आपल्याला फसवलं आणि पोराने ते बाजारात मांडलं. राग तर राग, एक दिवस उतरेल, मग बोलू, असं म्हणत राहिले. सप्टेंबरात आजीला जळगावला दवाखान्यात हलवलं तेव्हाही, उद्या जाऊ, गिरणीचा पट्टा तुटलाय, तो बसवून जाऊ. भुसावळहून तू आलास आणि तीन दिवस तिच्याजवळ बसलास, हे त्यांना नंतर कळलं. ते पोचले तेव्हा चादर वर घेतलेली होती आणि तू बाहेर बाकावर होतास, आणि तुम्ही बापलेक एकमेकांशी बोलला नाहीत.

भिकुबाईंकडे मी गेले नाही, जायची हिंमत झाली नाही. पण तुझे वडील परवा माझ्याबरोबर रिक्षापर्यंत आले, ते जवळच्या गल्लीने आले. भिकुबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. ते थांबले नाहीत, पण चाल हळू झाली. म्हातारीने मान वर केली नाही. एवढंच. यातून काही अर्थ काढू नकोस, मीही काढत नाही.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र तातडीने पाठवतेय. ते तुझ्याकडे येणार आहेत. शनिवारी दसरा, गिरणीची पूजा करतील, आणि रविवारी सकाळच्या बसने निघतील. मी म्हटलं, फोन करा. तर म्हणाले, हे फोनवर विचारायचं नाही. तुला मारलं त्याबद्दल ते बोलतील असं वाटत नाही, त्यांना ते येत नाही. बहुतेक डबा आणतील. पण ते एक गोष्ट विचारायला येताहेत आणि ती त्यांनी मला रिक्षात बसल्यावर, रिक्षावाल्याला ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितली.

‘शेवटले तिनी मन्हं नाव लिधं का?’

तू तिच्याजवळ होतास. तुझ्याशिवाय हे कुणालाच माहीत नाही. तुला अचानक दारात उभं राहून विचारलं तर तू गोंधळशील, आणि तू गोंधळलास की गप्प बसतोस, म्हणून आधी कळवतेय. पाच दिवस आहेत.

घेतलं असेल तर सांग. घेतलं नसेल तर काय सांगायचं, ते मी सांगणार नाही. कुणाला काय कळावं आणि काय कळू नये, हे मी एकदा ठरवलं होतं.

सुलक्षणा देवरे